आधी क्लच, मग ब्रेक?

सर्जापूर रोडवर राहायला येऊन आता नऊ महिने झाले. आधीच्या पोस्टिंगला सकाळी सगळ्यांत जवळची दुसरी गाडी दोन वळणं सोडून असायची. इथे ती माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर असते आणि तिच्या मागे आणखी हजार. बंगळुरूच्या ट्रॅफिकवर लिहिणाऱ्यांची कमी नाही, त्यामुळे मी त्यात भर घालत नाही. फक्त एक सांगतो. साडेआठच्या सुमारास इब्बलूर जंक्शन ते कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यापर्यंत काच खाली करून जा. तळ्याच्या गारव्याआधी करपलेल्या कागदासारखा एक वास येईल. तो क्लच प्लेटचा वास. शंभर माणसं एकाच वेळी हाफ क्लचवर गाडी धरून उभी असतात, डावा पाय हवेत, आणि प्रत्येकाला वाटत असतं की वास पुढच्या गाडीचा आहे.

हा लेख त्या वासाबद्दल आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या एका वाक्याबद्दल.

लेक यंदा अठरा वर्षांची झाली. लर्निंग लायसन्स काढलं, जवळच्याच एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. नाव सांगत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. शिकवणारे गृहस्थ सभ्य होते, वेळेवर यायचे, आवाज चढवत नव्हते. शेवटच्या दिवशी ती मोठ्या आनंदाने म्हणाली, "बाबा, चल, आज तू बाजूला बस." आमची गाडी मॅन्युअल. रविवारची सकाळ, रस्ता बराच मोकळा. दोड्डकन्नेल्लीच्या पुढे तिने छान चौथा गिअर टाकला, ताशी पन्नास. मला बरं वाटलं. मग लांबवर लाल सिग्नल दिसला आणि तिने दीडशे मीटर आधीच क्लच तळापर्यंत दाबला, मग ब्रेकवर पाय ठेवला, आणि गाडी सुटलेल्या हातगाडीसारखी घरंगळत सिग्नलपर्यंत गेली. तिथे पहिला गिअर.

मी विचारलं, "मधले दोन गिअर कुठे गेले?"

"ते लागत नाहीत बाबा. सर म्हणाले, फर्स्ट क्लच, देन ब्रेक. नाहीतर गाडी बंद पडते."

हेच वाक्य मी पुण्यात मराठीत ऐकलेलं आहे, अंबाल्यात हिंदीत ऐकलेलं आहे. आधी क्लच, मग ब्रेक. माझं म्हणणं असं की भारतातल्या रस्त्यांवर गाडी चालवण्याबद्दल जितकं चुकीचं शिकवलं जातं, त्यात हे वाक्य सर्वांत वरचं आहे, आणि ते घराघरात पोहोचवण्याचं काम आपण पैसे मोजून करून घेतो.

क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची फारकत होते. त्या क्षणापासून गाडीला धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं. ही फुकट मिळालेली ताकद आहे आणि ती आपण पहिल्या धड्यातच सोडून द्यायला शिकवतो. का? तर शिकणाऱ्याची गाडी बंद पडू नये म्हणून. गाडी बंद पडली की मागचे हॉर्न वाजवतात, शिकणारा घाबरतो, धडा लांबतो, त्या दिवसाचा पुढचा विद्यार्थी ताटकळतो. म्हणजे आयुष्यभराची सवय कशासाठी लावली, तर मास्तरांचं वेळापत्रक सांभाळायला. शिवाय शाळेच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. लेकीला अजून माहीत नाही की पहिले चार दिवस क्लच बहुधा तेच सांभाळत होते. मी तिला सांगितलेलं नाही. हा लेख वाचून कळेल.

क्लच तोडून ब्रेक लावावाच लागतो, पण तो अगदी शेवटी, गाडी थांबायला आली, इंजिन थरथरायला लागलं की. अचानक काही आडवं आलं तर दोन्ही पाय एकदम. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे त्या दीडशे मीटरचा.

कुणाला वाटेल की कर्नलसाहेबांना फौजी शिस्तीचा आजार आहे, साध्या नागरिकाला एवढं कशाला. तर मग फौज बाजूला ठेवू आणि कायदा बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातल्या १५ व्या नियमात लायसन्ससाठी परीक्षेत काय तपासायचं याची यादी आहे. उमेदवाराने सगळे गिअर क्रमाने टाकत टॉप गिअरपर्यंत सफाईने जावं. परिस्थिती येईल तेव्हा टॉप गिअरमधून खालच्या गिअरमध्ये चटकन यावं. उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये यावं. तीव्र चढावर थांबून, मागे न घरंगळता, पुन्हा निघावं. हे सगळं तिथे लिहिलेलं आहे, गेली पस्तीसहून अधिक वर्षं. ज्याने कुणी तो मसुदा केला त्याला गाडी चालवता येत होती, असं माझं मत आहे.

आता तुमची परीक्षा आठवा. आठचा आकडा काढला? मागे घेतली? दुसऱ्या गिअरच्या वर गेलात? लेकीची परीक्षा मी बाहेर उभा राहून पाहिली. काही मिनिटांत आटोपली, सपाट जागेवर, आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगतो, तिसरा गिअर पडलाच नाही. उतार नव्हता, त्यामुळे उतारावर काय करायचं हा प्रश्नच आला नाही. ती पास झाली, पेढे वाटले. कायद्याने जे यायला हवं त्यातलं निम्मं तिला कुणी विचारलं नाही आणि देशाने तिला काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कोणत्याही घाटात गाडी घालायची परवानगी दिली.

आणखी एक गंमत. मोटार वाहन कायद्यात दुचाकीच्या लायसन्सचे गिअरविना आणि गिअरसह असे दोन प्रकार आहेत. स्कूटीवर परीक्षा देणाऱ्याला बुलेट चालवायची तर वेगळं लायसन्स. चारचाकीला मात्र हा फरक नाही, हलकं मोटार वाहन म्हणजे सगळं एकच. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला मॅन्युअल गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे चालवता येते, कायद्याने. गाडी चालते का, ते वेगळं.

आता जे शिकवलं जात नाही ते काय आहे, हे जरा नीट सांगतो. एमटीवाल्या जुन्या मंडळींनी हा भाग सोडला तरी चालेल, पण ते सोडणार नाहीत, चुका काढायला वाचतीलच.

समजा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत तिसऱ्याचं गुणोत्तर साधारण १.३ आणि दुसऱ्याचं १.९ च्या आसपास असतं. म्हणजे त्याच ४० च्या वेगाला दुसरा गिअर टाकला तर इंजिनाला मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे घ्यावे लागतील. हे वरचे नऊशे फेरे कुठून तरी यायला हवेत. तुम्ही नुसता क्लच दाबला, दुसरा टाकला आणि क्लच सोडला, तर ते चाकांकडून ओढून घेतले जातात. क्लच प्लेट घासते, गाडी नाक खुपसते, मागे बसलेल्या आजी पुढच्या सीटवर येतात. दुसरा मार्ग असा की क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने हलकीशी रेस द्यायची, इंजिन तिथपर्यंत चढलं की गिअर टाकून क्लच सोडायचा. मग दोन्ही बाजू आधीच एका वेगाला आलेल्या असतात. झटका नाही, घासणं नाही. आजींना कळतही नाही. इंग्रजीत याला रेव्ह मॅचिंग म्हणतात. आपल्या गॅरेजच्या भाषेत रेस जुळवणे म्हणू. एवढंच आहे ते. अर्ध्या सेकंदाचं काम.

वर जाताना उलट. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाला खाली यायचं असतं, म्हणून हाताने घाई करायची नाही. ॲक्सिलरेटर क्लचच्या किंचित आधी सोडायचा, लिव्हर मध्ये क्षणभर थांबू द्यायचा, मग दुसरा. बोटांनी टाकायचा, मुठीने नाही. सर्जापूर रोडवर नव्वद टक्के झटके याच एका ठिकाणी बसतात (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही, पण रोज पुढच्या गाड्यांच्या मागच्या काचांतली डोकी हलताना बघतो).

"पण आता सिंक्रोमेश असतो की." हे ऐकलंच असेल. असतो. कॅडिलॅकने १९२८ मध्ये तो आणला आणि जगभरच्या ड्रायव्हरांचा त्रास वाचला. आपल्याकडे तो पूर्ण यायला बराच वेळ लागला. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पहिल्या गिअरला तो नव्हता. चालत्या टॅक्सीत पहिला टाकायचा तर डबल क्लच करावा लागे, आणि मुंबईचे काळीपिवळीवाले ते सहज करत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण सिंक्रोमेश काय करतो हे समजून घ्या. तो गिअरबॉक्सच्या आतल्या चक्रांचा वेग जुळवतो, म्हणून दातावर दात घासत नाहीत. क्लचच्या अलीकडे जे इंजिन आहे, त्याचा वेग तो जुळवत नाही. ते काम तुमचं. तुम्ही केलं नाही तर ते क्लच प्लेट करते आणि त्याचं बिल गॅरेजवाला देतो.

मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. एनडीएत आम्हाला सायकल दिली आणि घोड्यावर बसवलं, गाडी नाही. गाडी मी लेफ्टनंट असताना एका शक्तिमानवर शिकलो. नव्या वाचकांसाठी: जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला ट्रक, माझ्या वेळी म्हातारा झालेला, पण आमच्या युनिटात अजून दोन-तीन होते. त्याच्या गिअरबॉक्सला लाडीगोडी मान्य नव्हती. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, गिअर टाका. रेस कमी पडली तर करकर आवाज करून लिव्हर हातावर मारायचा. आमचे एमटी हवालदार सांगली जिल्ह्यातले, मिशा पांढऱ्या होत चाललेल्या. मी त्यांना उस्ताद म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे आणि साहेबाला ओरडायला अजिबात घाबरायचे नाहीत.

जागा सांगत नाही, पूर्वेकडचे डोंगर एवढंच. रिकामा ट्रक, मोठा उतार, मी तिसऱ्यात. वेग वाढायला लागला म्हणून दुसरा टाकायला गेलो आणि रेस अर्धवट दिली. गिअर पडला नाही. तिसराही परत पडेना. म्हणजे ट्रक न्यूट्रलमध्ये, उतारावर, आणि वेग प्रत्येक सेकंदाला वाढतोय. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना पोटात काय होतं ते ठाऊक आहे. मी ब्रेक दाबून बसलो, दुसरा विचार सुचेना. उस्ताद शांतपणे नाही, चांगले ओरडून म्हणाले, "क्लच सोडा! रेस! आणखी! आणखी द्या! आता दाबा, टाका!" पडला. ट्रक असा गुरगुरला की वाटलं इंजिन बाहेर येईल, पण वेग उतरला. खाली येऊन थांबलो तेव्हा ब्रेकचा वास येत होता. त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "साहेब, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर उतरवायचा. ज्या गिअरने चढता येतं त्याच गिअरने उतरायचं. आणि रेस देताना कंजुषी नाही करायची."

दोन वर्षांनी त्याच रस्त्याने एका जवानाला खाली आणलं. मांडीचं हाड मोडलेलं, रात्र, वन टन ॲम्ब्युलन्स. मी मागे सलाईनची बाटली धरून बसलो होतो. उस्ताद चालवत होते. अडीच तास. प्रत्येक वळणाआधी इंजिनाचा तोच छोटा उंच आवाज यायचा आणि मग गिअर, आणि पाठीला काहीच कळायचं नाही. खड्डे चुकवता येत नव्हते, तिथे तो पोरगा कण्हायचा. गिअरसाठी तो एकदाही कण्हला नाही. स्मूथ शिफ्टिंग ही हौशी लोकांची चैन आहे असं मला जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मी वाद घालतो तो या अडीच तासांच्या जोरावर.

चैन म्हणणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि तिला कारणीभूत दुसरीच मंडळी आहेत. पहाटे सहाला सर्जापूर रोडवर काही तरुण त्यांच्या लाडक्या गाड्या घेऊन येतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून हील-अँड-टो शिकलेले. एकाच उजव्या पायाने ब्रेक आणि रेस दोन्ही. सिग्नलला येताना व्रूम, व्रूम, व्रूम. दोन गिअर उतरवायला पाच वेळा रेस, बाल्कनीत माणसं जागी. पोरांनो, कौशल्य आहे, नाकारत नाही. पण ज्याची रेस शेजारच्या सोसायटीत ऐकू येते त्याची जुळलेली नाही, जास्त झालेली आहे. आणि यांच्यामुळे बाकीच्यांचा समज होतो की रेस जुळवणं हा शर्यतीचा प्रकार आहे, आपला काय संबंध.

आणखी एक आक्षेप, हा जाणकारांचा: ब्रेक पॅड स्वस्त, क्लच महाग, मग वेग कमी करायला ब्रेकच वापरावा, इंजिन कशाला झिजवता. सपाटीवर मला हे मान्य आहे. सिग्नलला येताना ब्रेकनेच वेग उतरवा, गाडी गिअरमध्ये राहू द्या, आणि पुढे जायची वेळ येईल तेव्हा वेगाला साजेसा गिअर रेस जुळवून टाका. क्लच झिजेल ही भीती ज्यांना आहे त्यांना तर रेस जुळवणं आधी यायला हवं. उतारावर मात्र हा हिशेब लागू होत नाही, तो पुढे सांगतो.

आमच्या मजल्यावरचे शेजारी मोठ्या कंपनीत आहेत, हुशार आणि विनोदी माणूस. मी लेकीला पार्किंगच्या रॅम्पवर गिअर शिकवताना त्यांनी पाहिलं. म्हणाले, "कर्नल, ऑटोमॅटिक घ्या आणि सुटा. तुम्ही लोक अजून घोड्यावर बसायलाही शिकता ना?" मी म्हटलं, शिकतो, आणि घोडा न्यूट्रलला टाकता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पण त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साडेआठ वाजता कार्मेलारमजवळ तासाभरात दोनशे वेळा क्लच दाबणाऱ्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू की ऑटोमॅटिक घेऊ नकोस? माझ्या बायकोचा गुडघा दुखतो, आमची दुसरी गाडी ऑटोमॅटिकच आहे. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी आली आणि मध्यमवर्गाचा डावा पाय सुटला, ही चांगली गोष्ट झाली. त्या खोळंब्यात रेस जुळवायला काही नसतंच, पहिला आणि फार तर दुसरा. माझं भांडण ऑटोमॅटिकशी नाही. "ऑटोमॅटिक आहे, म्हणून आता समजून घ्यायची गरज नाही" या म्हणण्याशी आहे. मी शेजाऱ्यांना विचारलं, तुमच्या गाडीत डी च्या खाली एल लिहिलंय, ते कशाला? चार वर्षं गाडी वापरताहेत. म्हणाले, "लो बॅटरी असेल." ते विनोद करत होते असं मी धरून चाललोय. गेल्या उन्हाळ्यात ते सहकुटुंब उटीला जाऊन आले. पूर्ण घाट डी मध्ये, ब्रेकवर.

यंत्राला मात्र हे सगळं शिकवून झालंय. निस्सानने २००९ च्या ३७०झेडमध्ये मॅन्युअल गिअर उतरवताना रेस आपोआप जुळवून देणारी व्यवस्था बसवली. एएमटीचा मेंदू गिअर उतरवताना इंजिनाचा वेग बघतो. इलेक्ट्रिक गाडी पाय उचलला की स्वतःच मागे ओढते. ज्या गोष्टीला आपण जुनाट म्हणतो, ती इंजिनिअर लोक जगभर पैसे खर्च करून यंत्रात घालताहेत. फक्त माणसाला शिकवायचा कंटाळा आहे.

आता तो उताराचा हिशेब. आईवडील पुण्यात, कर्वेनगरला. दरवर्षी दिवाळीला आम्ही गाडीने जातो, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, एकच हायवे, साधारण ८४० किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात कात्रजचा नवा बोगदा संपला की रस्ता खाली जाऊ लागतो, तो थेट नवले पुलापर्यंत. एनडीएच्या दिवसांपासून हा परिसर ओळखीचा, पण तेव्हा तिथे शेतं होती. आता उताराच्या पायथ्याशी वस्ती आहे, सर्व्हिस रोड आहेत, संध्याकाळी घरी जाणारी स्कूटरवरची माणसं आहेत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावरून आलेल्या एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. आधी बातमी आली ब्रेक फेलची. तपासात पुढे आलं की चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं.

हा एकटा चालक मूर्ख होता असं समजू नका. उतार आला की न्यूट्रल, ही आपल्या रस्त्यावरची सर्वमान्य विद्या आहे. ट्रकवाले करतात, एसयूव्हीवाले करतात, पुणेकर बुलेटवरही करतात. आणि ती पैशाच्या हिशेबानेही चूक आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण तोडलं जातं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं तर इंजिनाला जिवंत राहायला इंधन प्यावं लागतं. म्हणजे वाचवायला गेला तो जास्त जाळतो. आणि इंजिन बंदच केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला हवा भरून देणारं कुणी राहत नाही.

उष्णतेचा हिशेब करून पाहा. पंचवीस टनांचा ट्रक शंभर मीटर खाली उतरला तर जी ऊर्जा सुटते तिने पंच्याहत्तर लिटरच्या वर पाणी उकळेल. इंजिन तोडलेलं असेल तर ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते, पेडल दाबूनही काही होत नाही. त्यालाच आपण ब्रेक फेल म्हणतो, जणू ब्रेकने दगा दिला. मग चालक घाबरून गिअर टाकायला जातो, आणि त्या वेगाला गिअर पडत नाही, कारण रेस जुळवायला त्याला कधी कुणी शिकवलेलं नाही. माझ्या बाजूला उस्ताद होते. त्याच्या बाजूला क्लीनर असतो, सोळा-सतरा वर्षांचा.

या गोष्टीचं मूळ त्या चालकाच्या पहिल्या धड्यात आहे, असं मी म्हणतो तेव्हा लोक म्हणतात ताणतोय. ताणत नाही. आधी क्लच, मग ब्रेक हे शिकलेला माणूस म्हणजे वेग उतरवायचा म्हणजे इंजिन तोडायचं, हे शरीरात मुरलेला माणूस. सर्जापूर रोडवर त्याची क्लच प्लेट जळते. नवले पुलाच्या वर तीच सवय दुसऱ्याच्या अंगावर जाते. त्यामुळे परिवहन खात्यात जे कुणी हे वाचत असतील (आमच्या वाचकांत निवृत्त होऊन तिकडे गेलेले दोघे-तिघे आहेत, मला माहीत आहे) त्यांना माझं मागणं साधं आहे. नवा नियम नको. १५ वा नियम आहे तसा वापरा. परीक्षेच्या मैदानात मातीचा एक चढ-उतार बांधा, आमची पलटण एका रविवारात बांधून देईल. उमेदवाराला वरून तिसऱ्यात सोडा आणि दुसऱ्यात यायला सांगा. ज्याची गाडी नाक खुपसेल त्याला महिनाभराने परत बोलवा. ऑटोमॅटिकवाल्याला एल कुठे आहे ते दाखवायला लावा आणि त्याच्या लायसन्सवर तसं लिहा.

लेक आता दर रविवारी माझ्याबरोबर येते. दोम्मसंद्र मागे टाकून सर्जापूर गावाच्या पलीकडे, जिथे रस्ता जरा मोकळा होतो. पहिल्या दिवशी तिने एवढी रेस दिली की रस्त्याकडेची दोन कुत्री पळाली. दुसऱ्या रविवारी रेस द्यायची ती क्लच सोडल्यावर. तिसऱ्या रविवारी गाडी चार वेळा बंद पडली आणि ती मला म्हणाली, "तू ओरडतोस, सर ओरडत नव्हते." खरं आहे. चौथ्या रविवारी चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली हलली नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, ती काहीतरी दुसरंच बोलत होती.

दिवाळीला कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत स्टिअरिंग तिच्याकडे द्यायचं मी ठरवलंय. उतार सुरू व्हायच्या आधी तिसरा, तोही तिने, मी न सांगता. बायको म्हणते, तो भाग तू चालव, पोरीला खंबाटकीच्या अलीकडे सपाटीवर दे. घरात यावर अजून वाद चालू आहे.